जुना रोलीफ्लेक्स, आठ महिने आणि अर्व्हिंग पेनचा कोपरा

रोलीफ्लेक्स हा फिल्मचा कॅमेरा घेऊन आठ महिने झाले, बावीस रोल संपले, म्हणजे एका रोलला बारा धरले तर अडीचशेच्या वर फोटो झाले, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. सेकंडहँड आहे, दोन लेन्सवाला, वरच्या लेन्समधून आपण बघायचं आणि खालच्या लेन्सने फोटो घ्यायचा.

घेतला तो अर्व्हिंग पेनमुळे. वोग या फॅशन मासिकासाठी १९४३ पासून फोटो काढणारा अमेरिकन फोटोग्राफर, जन्म १९१७, गेला २००९ ला. त्याने पहिला रोलीफ्लेक्स १९३८ मध्ये घेतला, म्हणजे विशीतच. त्याआधी तो फिलाडेल्फियात अलेक्सी ब्रोडोविचकडे डिझाइन शिकला, आणि कॅमेरा घेतल्यावर काही वर्षांनी मेक्सिकोत जाऊन वर्षभर पेंटिंग केली आणि ती मनासारखी झाली नाहीत म्हणून कॅनव्हास धुऊन टाकले. स्वतःच्या कामाकडे इतक्या कठोरपणे बघणारा माणूस मला आवडतो.

पहिले दोन महिने जाम अवघड गेले. कॅमेऱ्यात वरून बघायच्या काचेवर चित्र उलटं दिसतं म्हणजे समोरचा डावीकडे सरकला की काचेत तो उजवीकडे जातो, आपला हात हमखास चुकीच्या बाजूला वळतो. हळूहळू सवय होते. पण एक गोष्ट मोबाईलवर कधीच मिळाली नव्हती ती इथे मिळाली, कॅमेरा पोटाशी असतो आणि आपण मान खाली घालून बघतो, त्यामुळे समोरच्याच्या तोंडासमोर काही धरलेलं नसतं. शटरचा आवाजही जेमतेम टिक एवढाच, कधी फोटो निघाला ते माणसाला कळतसुद्धा नाही.

१९४८ च्या आसपास पेनने स्टुडिओत दोन फळ्या उभ्या करून एक चिंचोळा कोपरा केला आणि मोठमोठ्या लोकांना त्यात उभं केलं. लेखक ट्रुमन कपोटी ढगळ ओव्हरकोट घालून खुर्चीवर गुडघे टेकून बसलाय, मुष्टियोद्धा जो लुईसारखा धिप्पाड माणूसही त्याच कोपऱ्यात. जागाच नसली की माणूस काहीतरी करतोच, कोणी भिंतीला रेलतो, कोणी अंग चोरतो, आणि तेच फोटोत येतं. मी गच्चीवरच्या खोलीत उत्तरेच्या खिडकीजवळ प्लायवूडचे दोन तुकडे तसे लावले, राखाडी रंग दिला. मामांना उभं केलं तर एरवी सगळ्यांशी मोठमोठ्याने बोलणारे मामा एकदम गप्प झाले आणि दोन्ही हात दोन्ही भिंतींना टेकवून उभे राहिले. तो फोटो माझ्या सगळ्या रोलमधला सगळ्यात चांगला आहे.

आईला म्हटलं, स्वयंपाकघरातून आहेस तशीच ये. ती गेली आणि पैठणी नेसून आली, केसांना तेलपाणी करून! मला तेव्हा पेनची १९५०-५१ ची कामगारांची मालिका आठवली, पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कमधले खाटीक, मासेवाले, धुराडी साफ करणारे, त्याने सगळ्यांना कामाच्या कपड्यांत हत्यारांसकट बोलावलं होतं आणि तरी काही अमेरिकन दाढी करून रविवारचे सूट घालून हजर. मी आईचा पैठणीतलाच काढला. बघणारे विचारतात हिचे हात इतके रापलेले कसे, ते पैठणीमुळेच नजरेत भरतात असं मला वाटतं.

त्याच्या १९५० च्या पॅरिसच्या फॅशन फोटोंमध्येही हेच आहे. वरच्या मजल्यावरची जागा, खिडकीतला उजेड, मागे थिएटरचा एक जुना पडदा. काही फोटोंत पडद्याची कड तशीच दिसते, त्याला ती लपवावीशी वाटली नाही. समोर मॉडेल लिसा फॉनसाग्रिव्ह्स, त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं. तो पडदा त्याने पुढे आयुष्यभर सांभाळला. आता लोक बॅकग्राउंड ब्लर करायला केवढ्या महाग लेन्स घेतात, आणि इथे एक मळकट पडदा बास.

त्रास सांगायचा तर फिल्म आणि धुलाई दोन्ही महाग पडतात, आणि दोन रोल लॅबवाल्याने खराब केले, त्यात आजीचे सहा फोटो होते, ती हळहळ अजून जात नाही. नंतर मी धुलाई घरीच शिकलो. लेन्स साधारण मीटरभराच्या आत फोकस करत नाही त्यामुळे नुसता चेहरा भरून फोटो हवा असेल तर क्लोजअपची वेगळी काच लावावी लागते.

घेणार असाल तर एकच करा, शटर एक सेकंदावर लावून कान देऊन ऐका. माझा आला तेव्हा एकचे तीन सेकंद व्हायचे, आतलं ग्रीस सुकलेलं, साफसफाईत दीड महिना गेला. आता नीट चालतो. या रविवारी शेजारचे सुतारकाका येणार आहेत, रंधा घेऊन या म्हणून सांगितलंय, कपड्यांचं मुद्दामच काही बोललो नाही.