लातूरचं मेडिकल: इंजेक्शन थंडच हातात पडतं

आमच्या अण्णांच्या किडन्या कमजोर झाल्यात. डायलिसिस अजून नाही, पण हिमोग्लोबिन ८.४ वर आलं होतं. रक्त वाढायला लागणारं एरिथ्रोपोएटिन किडनीच बनवते, ते कमी पडलं की इंजेक्शन घ्यावं लागतं. अन् ते २ ते ८ अंशांतच ठेवायचं असतं. आधीच्या एका दुकानदारानं भर मे महिन्यात साध्या कॅरीबॅगेत दिलं, मी एसटीनं निलंग्याला तसंच नेलं. तो डोस टाकून द्यावा लागला. फार जीव जळाला.

गांधी चौकाजवळच्या या मेडिकलवाले दादा थर्माकोलच्या डब्यात बर्फाची पिशवी, त्यावर कागदाची जाड घडी अन् मग इंजेक्शन ठेवतात. "मावशी, बर्फाला चिकटू देऊ नका, गोठलं की वाया. हलवू पण नका."

ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पाकिटं अण्णा रोज घेणार होते! दादांनी चिठ्ठी वाचून थांबवलं, "हप्त्यातून एकदाच." अन् प्रत्येक पाकिटावर 'सोमवार' लिहून दिलं.

जन्मभर उन्हात राबलेल्या माणसाला ड कमी कसं, असं मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, लघवीतून प्रथिनं जातात तेव्हा सोबत ड पण जातं, अन् उरलेलं कामाचं करायचं शेवटचं काम किडनीचंच. ड कमी असलेल्या अशा पेशंटांत रक्तही बऱ्याचदा कमी सापडतं. पण ड घेतलं म्हणून इंजेक्शन सुटत नाही.

रविवारी दुकान बंद. इंजेक्शनसाठी आदल्या दिवशी फोन करून जा.