खोलीची पारख: कानाने की माइकने?

नवे स्पीकर घ्यायचे मनात असेल तर आधी आहे त्या खोलीची परीक्षा घ्या. फोंड्यातल्या फ्लॅटमध्ये घुमणारी जोडी गावच्या कौलारू घरात मोकळी वाजते. स्पीकर तेच, अ‍ॅम्प्लिफायरही तोच. ही परीक्षा कानाने करायची की मापनाचा माइक विकत घ्यायचा, एवढंच ठरवायचं आहे.

कानाला खर्च नाही, आणि तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग आपल्याकडे असतंच. काळी एक पट्टीतला पुरुषांचा तंबोरा लावा. त्याचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झचा. गोव्यातल्या ३० अंशांत आवाज सेकंदाला सुमारे ३४९ मीटर धावतो, म्हणून ५ मीटर लांबीच्या खोलीचा दुसरा अनुनाद, म्हणजे खोलीच्या मापामुळे आपोआप चढणारा सूर, ७० हर्ट्झच्या आसपास येतो. खर्ज नेमका त्यात सापडतो. आता मागच्या भिंतीपासून स्पीकरकडे सावकाश चालत या. भिंतीला टेकल्यावर खर्ज फुगलेला, सव्वा मीटर पुढे आलात की बराच दबलेला, खोलीच्या मधोमध पुन्हा भरलेला. सोफा भिंतीला लावून बसणाऱ्यांना चांगले स्पीकरही घुमल्यासारखे वाटतात ते यामुळे. मग रिकाम्या जागी एक टाळी द्या. गुळगुळीत टाइल्स आणि समोरासमोर उघड्या भिंती असतील तर टाळीमागून झणझण ऐकू येते.

पण फुगवटा ६ डेसिबलचा की १२ चा, हे कान सांगत नाही. शिवाय त्याला खोलीची सवय लागते, मग दोषच ऐकू येईनासा होतो. इथे माइक सरस. यूमिक-१ सारख्या यूएसबी माइकला स्वतःची कॅलिब्रेशन फाइल (त्या माइकची चूक दुरुस्त करणारी नोंद) मिळते आणि मापनाचं सॉफ्टवेअर ‘रूम ईक्यू विझार्ड’ फुकट आहे. स्वीप, म्हणजे खालपासून वरपर्यंत चढत जाणारा सूर, वाजवला की कुठला सूर किती चढला आणि किती वेळ रेंगाळला, दोन्ही पडद्यावर दिसतं. फोनच्या माइकवर खालच्या सुरांत विसंबू नका. पंखे बंद ठेवा, आणि कौलांवर पावसाची सर चालू असेल तर माप घेऊच नका. आलेखातला उंचवटा इक्वलायझरने कापता येतो. खोल खड्डा मात्र बसायची किंवा स्पीकरची जागा हलवूनच भरतो.

माझा कौल असा: उतरत्या छपराचं जुनं घर असेल तर कान पुरे. छत जमिनीला समांतर नसतं आणि कौलांच्या फटींतून खालच्या सुरांचा आवाज थोडा बाहेरही जातो. स्लॅबची खोली, त्यातही लांबी-रुंदी सारखी, असेल तर दोन्हीकडचे अनुनाद एकाच सुरावर चढतात. तिथे माइक घ्याच, स्पीकरचं बजेट थोडं कमी करावं लागलं तरी चालेल. मापाआधी भिंतीला फोमचे पातळ चौकोन मात्र चिकटवू नका. ते वरचे सूर खातात, खर्जाला हात लावत नाहीत, आणि आपल्या पावसाळ्यात त्यांना बुरशी धरते.