तांबाकाट्यावर बंबाची नळी साफ करून घेतली

गोराई गावठाणातील आमच्या घरी आंघोळीचे पाणी अजूनही परसातल्या तांब्याच्या बंबातच तापते. गेल्या पावसाळ्यापासून मात्र धूर बंबाच्या मधल्या नळीतून वर जाण्याऐवजी खालच्या तोंडाने बाहेर येऊ लागला आणि अर्ध्या तासात कढणाऱ्या पाण्याला दीड तास लागू लागला. जवळच्या एका दुरुस्तीवाल्याने चिंच लावून बंब बाहेरून लखलखीत केला, पैसे घेतले. नळीला मात्र हातही लावला नाही. शेवटी तरीतून खाडी ओलांडून मी तो मुंबादेवीजवळच्या तांबाकाट्यावरील, म्हणजे तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या बाजारातील, एका जुन्या दुकानात नेला.

तेथील कारागिरांनी आधी खालून विजेरी धरली आणि मला वरून पाहायला सांगितले. चार इंची नळी काजळीने तीन इंचांवर आली होती, म्हणजे क्षेत्रफळाने पाहता धुराची वाट निम्म्याहून थोडीच अधिक उरली होती. नळीतली हवा तापून वर चढते आणि तिच्या ओढीने विस्तवाच्या जाळीखालून ताजी हवा आत येते; वाट अरुंद झाली की ती ओढच मंदावते. बंबात काजळी लवकर धरते, कारण नळीभोवती पाणी असल्यामुळे तिचा पत्रा 100 अंशांच्या फारसा वर जात नाही आणि त्या मानाने थंड पत्र्यावर धुरातला डांबरासारखा चिकट अंश बसत राहतो. आम्ही जाळत असलेल्या सुरूच्या ओल्या लाकडांमुळे हा थर वाढला, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. ज्यांचा बंब बंद न्हाणीघरात आहे, त्यांनी तर अशा धुराकडे मुळीच दुर्लक्ष करू नये. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास.

तांबे मऊ असल्याने ठोकाठोक न करता, सोड्याच्या पाण्याने थर भिजवून त्यांनी तो खरवडला, तेव्हा काचेसारख्या चकाकणाऱ्या काळ्या खपल्या घमेलेभर निघाल्या. नंतर बंबात पाणी भरून चार ढलप्या पेटवल्या आणि खालच्या तोंडाशी उदबत्ती धरली. तिचा धूर सरळ आत ओढला गेला.

नव्या जाळीसह 1,400 रुपये पडले, ते मला रास्त वाटतात. दोन दिवसांचा वायदा आठ दिवसांवर गेला आणि माझी एक खेप फुकट गेली, ही तक्रार मात्र आहे. तेथेच घेतलेल्या तारेच्या ब्रशाचा दांडा नळीच्या मध्यापर्यंतच पोहोचत असल्याने मी त्याला बांबूची काठी बांधली असून, दर महिन्याला गार बंबात तो फिरवतो.