जीटीसमरी: तक्ते झटपट, पण फण्यांवर लक्ष ठेवा

रावेर-यावलच्या केळीबागांचं सर्वेक्षण एक्सेलमध्ये भरून तयार आहे, आता अहवालात तालुकावार तक्ता हवाय. आर या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेतलं जीटीसमरी हे मोफत पॅकेज ते एका ओळीत करतं. टीबीएल_समरी या फंक्शनला माहिती द्यायची, 'बाय'मध्ये तालुका सांगायचा. संख्यांचा मध्यक नि चतुर्थक, ठिबक आहे-नाहीची टक्केवारी, सगळं जागेवर.

पहिला तक्ता मात्र तसाच चिकटवू नका. ज्या रकान्यात दहापेक्षा कमी वेगवेगळे आकडे आहेत, त्याला हे पॅकेज संख्या मानतच नाही, वर्ग मानतं. घडाला फण्या सहा ते बारा, म्हणजे आकडे सातच. मग मध्यकाऐवजी '६ फण्या इतके टक्के, ७ फण्या इतके टक्के' अशा सात ओळी पुढ्यात येतात. 'टाइप'मध्ये फण्यांना 'कंटिन्युअस' लिहिलं की सुटलं. सरासरी आणि प्रमाण विचलन हवं असेल तर तेही 'स्टॅटिस्टिक'मध्ये सांगावं लागतं.

खरी कमाई तक्ते जोडण्यात आहे. मृगबाग आणि कांदेबाग या केळीच्या दोन हंगामांतल्या लागवडींचे दोन तक्ते टीबीएल_मर्ज शेजारी-शेजारी बसवतं, टीबीएल_स्टॅक एकाखाली एक. मर्ज ओळी जुळवताना रकान्याच्या नावासोबत लेबलही बघतं. एकीकडे 'घडाचं वजन' आणि दुसरीकडे 'घडाचे वजन' असलं की एकाच गोष्टीच्या दोन ओळी होतात, अर्ध्या रिकाम्या. म्हणून लेबलं मूळ माहितीलाच एकदा लावा, माहितीचे दोन भाग त्यानंतर पाडा. दशांश स्थळंही 'डिजिट्स'मध्ये ठरवून द्या. नाहीतर पॅकेज प्रत्येक तक्त्यासाठी स्वतःचा अंदाज बांधतं आणि एकीकडे १८, दुसरीकडे १७.६ असं दिसू शकतं. अ‍ॅड_पी, अ‍ॅड_ओव्हरऑल ही पी-मूल्य आणि एकूणचा रकाना देणारी फंक्शनं तक्ते जोडण्याआधीच लावायची. वरची शीर्षकं तक्त्यांच्या क्रमानेच द्या; अदलाबदल झाली तर पॅकेज हूं की चूं करत नाही आणि मृगबागेचे आकडे कांदेबागेखाली छापले जातात.

मराठी अहवालाची सोय बरी आहे. थीम_जीटीसमरी_लँग्वेजला 'एमआर' दिलं की पॅकेजचे स्वतःचे शब्द मराठीत येतात, लेबलं अर्थात तुमची. वर्डसाठी अ‍ॅज_फ्लेक्स_टेबल वापरा आणि फॉन्ट देताना 'पार्ट'मध्ये 'ऑल' लिहा. ते राहिलं तर फॉन्ट फक्त मधल्या ओळींना लागतो, शीर्षक जुन्याच फॉन्टमध्ये राहतं.

उणीव लाखांच्या स्वल्पविरामाची. उत्पन्न १,२५,००० ऐवजी १२५,००० छापलं जातं. त्यासाठी स्वतःचं छोटं फंक्शन लिहून 'डिजिट्स'ला द्यावं लागतं. पाच-सहा ओळींचं काम, पण हे तयार मिळायला हवं होतं.

वर्षातून एखादाच तक्ता करायचा तर एवढा खटाटोप कशाला, एक्सेल पुरे. फक्त साध्या पिव्होट टेबलात मध्यक मिळत नाही, तो वेगळं सूत्र लावून काढावा लागेल.