सर्व्हर गेला, डोमेन गेलं आणि २१,८३० रुपयेही गेले

१४,१६० रुपये २८ जून २०२४ ला. २,९५० रुपये त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. ४,७२० रुपये १२ जून २०२५ ला. एकूण २१,८३०. साइटच्या सर्व्हरसाठी हे पैसे ज्याला दिले त्याचं नाव लिहीत नाही, कारण ते नावच खोटं होतं आणि आज तो दुसऱ्या नावानं तेच विकत असणार. पद्धत मात्र तीच राहणार, म्हणून पद्धत सांगतो.

मी कराडला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. प्रोग्रॅमिंग हा छंद, त्यातून एक रुपया कधी कमावला नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-कोयनेला पूर आला तेव्हा धरणातला साठा, विसर्ग, कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वरचा पाऊस असे आकडे व्हॉट्सॲपवर फिरत होते. कुठला आजचा आणि कुठला कालचा, काही कळत नव्हतं. नदीकाठची माणसं त्या आकड्यांवर घर सोडायचं की नाही ते ठरवत होती. म्हणून एक साधी साइट केली. रोजचे आकडे, १०५.२५ टीएमसीपैकी किती भरलं त्याचा आलेख आणि त्याच आलेखावर गेल्या वर्षाची रेघ. पुढे लोक पूररेषेचे फोटो पाठवू लागले: पाणी देवळाच्या कुठल्या पायरीपर्यंत आलं, कुठल्या खांबावर डाग राहिला. ते सगळे तारखेनिशी लावून ठेवले होते. त्याच सर्व्हरवर माझी गिट रिपॉझिटरी (माझ्या प्रोग्रॅमचा कोड), बायकोच्या भिशीचा हिशेब आणि घरच्या सगळ्यांचे ईमेल.

स्वस्ताच्या मोहापायी गेलास, असं मला तोंडावर सांगितलं गेलंय. ते खरं नाही. माझा जुना सर्व्हर एका परदेशी कंपनीचा होता आणि कार्डावरून दरमहा आपोआप पैसे जायचे. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे ई-मॅन्डेटचे, म्हणजे आपोआप कटणाऱ्या पैशांचे, नियम लागू झाले आणि तेव्हापासून ते पैसे कटणं बंद झालं. दर महिन्याला हातानं भरायचे. एखाद्या महिन्यात परीक्षेच्या गडबडीत राहिलं की सर्व्हर बंद करण्याची नोटीस. त्यात माझ्या सर्व्हरवर सेंटओएस ७ ही ऑपरेटिंग सिस्टीम होती आणि तिची मुदत ३० जून २०२४ ला संपत होती. त्यानंतर सुरक्षेचे अपडेट नाहीत. म्हणजे ऐन पावसाळ्याच्या तोंडावर सगळं हलवणं भागच होतं. यूपीआयनं पैसे घेणारा, मराठीत बोलणारा, स्थलांतर करून देतो म्हणणारा माणूस भेटला तर कोणीही त्याच्याकडे गेला असता.

तो भेटला टेलिग्रामवरच्या सेल्फ-होस्टिंगच्या (आपली साइट आपणच चालवणाऱ्यांच्या) एका ग्रुपमध्ये. मी विचारल्यावर दोघांनी लगेच लिहिलं की आम्ही दोन वर्षांपासून त्याच्याकडे आहोत, उत्तम सर्व्हिस आहे. ती दोन्ही खाती आता डिलीट झाली आहेत. फोनवर म्हणाला, “सर, मी पण सातारचाच, कंपनी बंगळुरूला आहे.” पाच वर्षांचा व्हीपीएस, म्हणजे मोठ्या मशीनचा भाड्याचा एक तुकडा, १२,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १४,१६०. महिन्याला २०० रुपये पडतात. एकरकमी भरल्यावरची सूट म्हणून ही किंमत अशक्य वाटावी अशी नव्हती. एवढं कळलं असतं तरी वाचलो असतो: असले लोक एखाद्या मोठ्या डेटा सेंटरमधलं एक मशीन महिन्याच्या भाड्यानं घेतात, त्याचे तुकडे करून पाच-पाच वर्षांसाठी विकतात आणि नवे पैसे येईनासे झाले की भाडं भरणं सोडतात. एक वर्षापेक्षा जास्त पैसे कुणालाही आगाऊ देऊ नका. तुमचा सख्खा विद्यार्थी विकत असला तरी नको.

त्यानं आधार आणि पॅनची प्रत मागितली. मी का म्हणून विचारलं, तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाचा दाखला दिला. आदेश खरा आहे, मी स्वतः वाचला. व्हीपीएस विकणाऱ्यानं ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन पडताळून ती माहिती पाच वर्षं ठेवायची, असं त्यात आहे. खोट्या माणसानं खरा नियम दाखवला की तुम्ही गप्प बसता. आज माझं आधार कार्ड त्याच्याकडे आहे आणि त्याच्याबद्दल माझ्याकडे एक बंद पडलेला मोबाइल नंबर आहे. द्यायचंच झालं तर यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार काढून द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

आता पिंग. याचा विचार केला की अजून डोकं तापतं. सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये आहे असं तो म्हणाला होता. पहिल्याच संध्याकाळी मी घरून पिंग केलं, म्हणजे सर्व्हरला हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजलं. १४१ मिलिसेकंद. पुन्हा केलं, १३९. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, हे मी दरवर्षी बारावीच्या वर्गात फळ्यावर लिहितो. कराड-मुंबई जाऊन-येऊन सहाशे किलोमीटर धरले तरी प्रकाशाला तीन मिलिसेकंद लागतात. मधले राऊटर, गल्लीतलं ब्रॉडबँड सगळं मिळून वीस-तीस होतील. एकशे चाळीस म्हणजे युरोप. आकडा माझ्या स्क्रीनवर होता आणि त्याचा अर्थ मला कळत होता. मी त्याला स्क्रीनशॉट पाठवला. “सर, राऊटिंगचा इश्यू आहे, अपस्ट्रीमशी बोललोय, आठवड्यात नीट होईल.” राऊटिंग खरंच वेडंवाकडं असतं, भारतातल्या भारतातलं ट्रॅफिक सिंगापूरला वळसा घालून आलेलं मी पाहिलेलं आहे, त्यामुळे हे उत्तर पटण्यासारखं होतं. पण तेव्हाच त्या आयपीचं हूइज, म्हणजे सर्व्हरचा तो इंटरनेट पत्ता कुणाच्या नावावर आहे ती नोंद, पाहायला हवं होतं. नंतर पाहिलं. आयपी जर्मनीतल्या एका मोठ्या होस्टिंग कंपनीच्या रेंजमधला. तीस सेकंदांचं काम आहे. सर्व्हर हातात आला की पहिली कमांड हूइजची द्या, मग अपडेट, मग बाकीचं.

बिलाचंही तसंच. सगळं संपल्यावर माझ्या मेहुण्यानं ते बघितलं, तो सीएकडे काम करतो. त्यानं मान वर न करता विचारलं, “दाजी, पत्ता बंगळुरूचा आणि जीएसटी नंबर २७ नं सुरू कसा?” २७ म्हणजे महाराष्ट्र, कर्नाटकाचा २९. शिवाय बंगळुरूहून कराडला विकलं तर आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य विक्रीचा कर, लागतो आणि इथे सीजीएसटी ९ टक्के, एसजीएसटी ९ टक्के असं छापलेलं. जीएसटी पोर्टलवर तो नंबर टाकला तर कुठल्या तरी कापड व्यापाऱ्याचा निघाला आणि नोंदणी २०२३ मध्येच रद्द झालेली. पोर्टलवर हे शोधायला लॉगिनसुद्धा लागत नाही. पैसे देण्याआधी शोधा. यूपीआयचा क्यूआर स्कॅन केल्यावर येणारं नावही वाचा. माझ्या वेळी तिथे कंपनीचं नाव आलं नव्हतं, एका व्यक्तीचं आलं होतं. “प्रोप्रायटर आहेत,” असं तो म्हणाला. छोट्या धंद्यात असं असतंच, म्हणून पुढे गेलो.

ऑगस्टमधले २,९५० डीडॉस संरक्षणाचे, म्हणजे कुणी मुद्दाम खोटी गर्दी करून साइट पाडू नये म्हणून. जुलैअखेर पाऊस वाढला, साइटवर गर्दी झाली, दोन-तीनदा साइट बंद पडली. अटॅक आहे म्हणाला. तो अटॅक नव्हता, धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी वाचून आलेली आपली माणसं होती. एनजिनएक्स या वेब सर्व्हरचे लॉग (कोण कधी आलं त्याच्या नोंदी) त्या रात्रीच नीट वाचले असते तर हे पैसे वाचले असते. पण विसर्ग वाढत असताना साइट बंद ठेवून लॉग वाचत बसायचं का?

आणि डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता. सगळ्यात खोल घाव हाच. तो म्हणाला, डोमेन आमच्याकडे ट्रान्सफर करा, पाच वर्षांचं रिन्यूअल प्लॅनमध्येच आहे, तुम्ही फक्त ऑथ कोड द्या. मी लॉक काढून कोड दिला, म्हणजे डोमेन हलवायचा पासवर्डच. जुन्या रजिस्ट्रारचा, म्हणजे डोमेनची नोंदणी ठेवणाऱ्या कंपनीचा, मेल आला की तुमचं डोमेन बाहेर जात आहे, हरकत असेल तर कळवा, नाहीतर पाच दिवसांत ट्रान्सफर पूर्ण होईल. तो मेल मी वाचला. ट्रान्सफर मीच सुरू केली होती, मग हरकत कशाची घेणार? डोमेन कुठल्या कंपनीत जातंय हे त्या मेलमध्ये होतं, पण तिथे ते कुणाच्या नावावर जमा होतंय हे नव्हतं. २०१८ पासून हूइजमध्ये मालकाचं नाव झाकलेलं असतं, त्यामुळे नंतरही दिसलं नाही. डोमेन त्याच्या खात्यात, त्याच्या नावावर गेलं. साइटचं लेट्स एनक्रिप्टचं सुरक्षा सर्टिफिकेट वेळेवर रिन्यू होत राहिलं, मेल येत राहिले, वर्षभर सगळं सुरळीत. ऑथ कोड देणं म्हणजे घराच्या खरेदीखतावर सही करण्यासारखं आहे. कुणालाही देऊ नका. साइट दुसऱ्याच्या सर्व्हरवर न्यायला नेमसर्व्हर, म्हणजे डोमेन कुठल्या सर्व्हरकडे बघतं ती नोंद, बदलली की पुरतं; फुकटच्या रिन्यूअलसाठी डोमेन देऊ नका.

२०२५ ला पाऊस मे महिन्यातच आला. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सर्व्हर बंद. त्याचा निरोप: डेटा सेंटरनं नोड (ज्यावर माझा तुकडा होता ते मशीन) सस्पेंड केलाय, तुमचा डेटा सोडवून घ्यायला ४,००० अधिक जीएसटी. ४,७२० पाठवले. तेव्हा संशय आला नव्हता असं नाही, पण बॅकअपची नवी प्रत त्याच्याच ‘फ्री बॅकअप स्टोरेज’वर होती, घरच्या लॅपटॉपवरची मार्चमधली. भिशीचे हिशेब, नवे फोटो, सगळं तिकडे. ४,७२० साठी ते सोडून द्यायचं? मी दिले, तुम्हीही दिले असते. दोन दिवसांनी व्हॉट्सॲपवर एकच टिक राहिली. आठवड्याभरात डोमेनवर सट्ट्याच्या जाहिराती सुरू झाल्या. त्याच डोमेनवर माझा ईमेल होता आणि त्या ईमेलवर माझी गिटची, ब्रॉडबँडची, विम्याची लॉगिन. ईमेल ज्याच्या हातात, पासवर्ड रीसेट त्याच्या हातात. जी खाती वाचवता आली ती एका रात्रीत वाचवली. आपल्या डोमेनवरचा ईमेल त्याच डोमेनच्या रजिस्ट्रारला कधीच देऊ नका.

इथून पुढे सरकारी दारं. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला. शेवटचा व्यवहार ताजा आहे, तेवढा तरी होल्ड करा म्हटलं. व्यवहाराचा यूटीआर नंबर घेतला, पावती क्रमांक दिला आणि पैसे त्या खात्यातून पुढे गेले आहेत असं कळवलं. बस. राष्ट्रीय सायबर पोर्टलवर तक्रार आहे, स्थिती ‘अंडर प्रोसेस’. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक ग्राहकाला संरक्षण देत होतं, पण ते तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहाराला. फसवून घेतलेली परवानगी ही परवानगीच, असं त्यांचं म्हणणं. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडूनही तेच उत्तर आलं.

पोलीस ठाण्यात हवालदारानं विचारलं, “सर, वस्तू घरी आली होती का?” सर्व्हर घरी येत नसतो, हे समजावता समजावता दुपार गेली. मग म्हणाले, वर्षभर सर्व्हिस दिली ना त्यानं? मग हा दिवाणी मामला. मी म्हटलं, रद्द झालेल्या जीएसटी नंबरवर कर वसूल केला, खोटा पत्ता दिला, हे दिवाणी कसं? त्यावर नवीन मुद्दा: पहिले पैसे २८ जूनला दिलेत, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, म्हणजे पहिली रक्कम जुन्या दंड विधानाच्या कलम ४२० मध्ये आणि बाकीच्या नव्या संहितेच्या ३१८ मध्ये, वर विचारावं लागेल. आयटी कायद्याच्या कलम ७८ प्रमाणे तपास निरीक्षकानंच करायचा आणि निरीक्षकसाहेब बंदोबस्तावर. एका शिक्षकानं पुराव्याची अख्खी फाइल तयार करून आणली आहे, चॅट छापून, बिलं लावून, आयपीची माहिती काढून, आणि ती उघडूनसुद्धा बघायची नाही? चोरानं माझ्या दुचाकीचा आरसा नेला असता तर लगेच नोंद झाली असती. शेवटी बीएनएसएसच्या (नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना पोस्टानं अर्ज पाठवला. ठाण्यात नोंद घेत नसतील तर तुम्हीही हेच करा आणि पोच सांभाळा.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही, पण समोरच्याचा पत्ता लागतो. बंगळुरूच्या पत्त्यावर पाठवलेली नोटीस ‘असा कोणी राहत नाही’ या शेऱ्यासह परत आली. ज्या रजिस्ट्रारकडे डोमेन आहे त्यांनी लिहिलं की वैध ऑथ कोडनं ट्रान्सफर झालेली आहे, वाद तुमच्या दोघांतला. ट्रेडमार्क असलेल्यांना यूडीआरपीचा, म्हणजे डोमेनचे वाद सोडवणाऱ्या लवादासारखा, मार्ग आहे, तिथे नुसती फीच शेकडो डॉलर असते. छंद म्हणून साइट चालवणाऱ्यानं जायचं कुठे? माझी कागदपत्रं पाच वर्षं जपून ठेवायला सर्ट-इनचा आदेश आहे. विकणारा कोण, त्याचा पत्ता खरा का खोटा, हे मात्र ग्राहकानंच पोर्टलवर शोधून तपासायचं. याचा मला पैसे गेल्यापेक्षा जास्त संताप आहे.

जुनं डोमेन उघडू नका, तिथे आता सट्टेवाले आहेत. नवं डोमेन घेतलंय, माझ्या नावावर, दोन टप्प्यांच्या लॉगिनसह. मार्चपर्यंतचे आकडे त्यावर चढवलेत, त्यानंतरचे रोजच्या पत्रकांवरून पुन्हा भरतोय. एप्रिलपासून ज्यांनी जुन्या पुराचे फोटो पाठवले होते त्यांनी ते फोनमधून पुसू नयेत, मला परत लागणार आहेत. आणि टेलिग्रामवरच्या त्याच ग्रुपमधून पाच वर्षांचा व्हीपीएस घेऊन तुमचेही पैसे बुडाले असतील तर लाजून गप्प बसू नका. १९३० वर तक्रार करा आणि पैसे ज्या यूपीआय आयडीवर गेले तो तक्रारीत लिहा. एकाच आयडीविरुद्ध पाच जिल्ह्यांतून तक्रारी आल्या तर मग ठाण्यात कुणाला याला दिवाणी मामला म्हणता येणार नाही.