मीरा नायर की दीपा मेहता?

दोघी परदेशात राहून इथले सिनेमे करणाऱ्या दिग्दर्शिका, पण वाट्याला आलेलं फार वेगळं. मीराचा 'सलाम बॉम्बे' १९८८ ला फ्रान्सच्या कान महोत्सवातून कॅमेरा द'ओर (पहिल्या सिनेमासाठीचं बक्षीस) घेऊन आला, भारताकडून ऑस्कर नॉमिनेशनपण मिळालं, मग २००१ ला 'मान्सून वेडिंग'ला व्हेनिस महोत्सवाचं सर्वोच्च बक्षीस गोल्डन लायन, म्हणजे कौतुकच कौतुक. दीपाचं उलटं, दोन बायकांच्या प्रेमावरच्या 'फायर'च्या वेळी १९९८ ला मुंबईत थिएटरं फोडली, २००० मध्ये वाराणसीत विधवांवरच्या 'वॉटर'चं शूटिंग बंद पाडलं, शेवटी बाईंनी श्रीलंकेत जाऊन तो पूर्ण केला आणि ऑस्कर नॉमिनेशन मिळालं ते कॅनडाच्या नावावर (आपलं नशीब, दुसरं काय). सफाई मीराकडे जास्त आहे हे मान्य, पण माझं मत दीपालाच, 'वॉटर' बघून रात्रभर झोप नव्हती आली.