एनबीएफसीसाठी खास कर-सल्लागार : दीड वर्षाच्या कामानंतरचा अनुभव

पुण्यातील आमच्या मध्यम आकाराच्या एनबीएफसीचे, म्हणजे कर्ज देणाऱ्या बिगर-बँक वित्तीय कंपनीचे काम दीड वर्षापासून मुंबईतील एका सल्लागार संस्थेकडे आहे. ही संस्था केवळ बँका, एनबीएफसी आणि फंड यांचीच कायद्याची व कराची कामे पाहते. वित्तविभागाची जबाबदारी माझ्याकडे असल्याने त्यांचा प्रत्येक अभिप्राय आणि प्रत्येक बिल माझ्याच टेबलावरून जाते.

खरी कसोटी लागली ती पीनल चार्जेसच्या, म्हणजे हप्ता थकवल्याबद्दल कर्जदाराला लागणाऱ्या दंडाच्या रकमेच्या प्रश्नावर. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकामुळे दंडव्याज आकारणे बंद झाले आणि नव्या कर्जांसाठी १ एप्रिल २०२४ पासून त्याची जागा पीनल चार्जेसनी घेतली. कर्जाच्या व्याजावर जीएसटी नाही आणि दंडव्याजालाही २०१९ च्या जीएसटी परिपत्रकानुसार तीच सूट होती. परंतु ही रक्कम आता व्याज राहिली नसल्याने तिच्यावर १८ टक्के लागतो की नाही, हे कोणीच ठामपणे सांगेना. कर लावावा, तर आधीच हप्ता थकलेल्या कर्जदारावर बोजा वाढतो. न लावावा आणि उद्या मागणी आली, तर कर आणि त्यावरील व्याज कंपनीच्या खिशातून जाते.

सल्लागारांनी फोनवर स्पष्ट सांगितले, "लावू नका. ही कराराच्या भंगाची भरपाई आहे, सेवेचा मोबदला नाही. ऑगस्ट २०२२ चे जीएसटीचे परिपत्रक वाचा." लेखी अभिप्राय आला तेव्हा मात्र सुरुवातीची पाने गृहीतकांनी भरलेली होती आणि शेवटी निष्कर्षाच्या जागी "दोन्ही मते संभवतात" एवढेच होते. लेखापरीक्षकाला फोनवरचे बोलणे दाखवता येत नाही, त्याला सहीचा कागद लागतो. ठाम मत द्यायचेच नसेल, तर एवढे शुल्क कशाचे, हा माझा राग आजही कायम आहे.

शुल्काची झळही दिसते त्याहून मोठी आहे. जीएसटी कायद्याच्या कलम १७(४) खालचा पर्याय घेतल्यामुळे आम्हांला इनपुट क्रेडिट, म्हणजे बिलांवर भरलेल्या जीएसटीची वजावट, निम्मेच मिळते. म्हणजे एक लाखाच्या बिलावरील अठरा हजारांच्या जीएसटीपैकी नऊ हजार बुडतात. त्यात त्यांच्या बिलात दूरध्वनीवरील चर्चेची वेगळी ओळ असते. ज्या चर्चेतले मत कागदावर उतरत नाही, तिचे पैसे मोजताना जिवावर येते.

संस्था बदलण्याचे मी जवळजवळ ठरवलेच होते. तेवढ्यात डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरच्या बैठकीत जीएसटी परिषदेने पीनल चार्जेसवर कर नसल्याची शिफारस केली आणि २८ जानेवारी २०२५ ला तसे परिपत्रक निघाले. फोनवर सांगितलेला तर्क त्यात जवळजवळ जसाच्या तसा होता. त्यांचे ऐकल्यामुळे आमच्या कर्जदारांकडून एक रुपयाही जादा वसूल झाला नव्हता आणि परतावा देण्याचा गुंताही टळला. या क्षेत्राची त्यांची जाण खोल आहे, हे मी आता निःशंकपणे लिहितो.

तरीही ज्या संस्थेला केवळ विवरणपत्रे भरून हवी आहेत, तिने एवढा खर्च करू नये. शहरातला चांगला सीए ते काम निम्म्याहून कमी पैशांत करतो. आम्ही नूतनीकरणाच्या करारात एक कलम घालून घेतले : प्रत्येक अभिप्रायाच्या पहिल्याच पानावर, कारणासह, "आमच्या मते कर लागतो" किंवा "लागत नाही" एवढे लिहायचे. त्यावर त्यांनी बरेच दिवस घासाघीस केली, पण अखेर सही केली.